एकशे छप्पन्न फेऱ्या

काका,

तुम्हाला काका म्हटलं तर चालेल ना? आमच्या घरी तुमचं सदर बाबा वाचतात आणि तुम्हाला 'तो आपला कबड्डीवाला' म्हणतात.

मी गुहागर तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. यंदा आमच्या क्रीडा मंडळाची सचिव झालेय. गावातले सहा जण डायलिसिसवर आहेत. डायलिसिसला पैसे पडत नाहीत, पण आठवड्यातून तीनदा ४५ किलोमीटरवर चिपळूणला जावं लागतं. नशिबाने सहाही जणांना सोमवार-बुधवार-शुक्रवारची एकच पाळी मिळाली, त्यामुळे एक जीप पुरते. जाऊन-येऊन एका फेरीचे जीपवाला १,८०० रुपये घेतो. दोन घरं आता मागे पडायला लागलीत. म्हणून मंडळाने ठरवलं की यंदाच्या कबड्डी स्पर्धेतून वर्षभराच्या जीपचे पैसे, म्हणजे जवळजवळ तीन लाख, उभे करायचे.

पण गेल्या वर्षी जमा १,१२,००० आणि शिल्लक ३,८५०! हिशेबाचा कागद, गेल्या वर्षीची पत्रिका आणि यंदाच्या पत्रिकेचा मसुदा जोडलाय. बैठकीत कुणी म्हणतं तिकीट लावू, कुणी म्हणतं लकी ड्रॉ काढू, कुणी म्हणतं बक्षीस वाढवू म्हणजे मोठे संघ येतील. तुम्ही काहीतरी वेगळं सुचवा.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या सहा जणांतले एक माझे बाबा आहेत. पूर्वी मंडळाच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळायचे. त्यामुळे पैसे मागताना माझी जीभच उचलत नाही.

— सचिव, गुहागर तालुका

पोरी,

तुझ्या पत्राआधी मी हिशेबाचा कागद वाचला. बँकेत जन्म गेला आणि मंडळाची खजिनदारी गळ्यात पडली ती वीस वर्षं सुटली नाही, त्यामुळे ही खोड. कागद चांगला आहे, खरा आहे. आणि त्यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर लिहिलेलं आहे, फक्त ते कुणी वाचलेलं दिसत नाही.

सोळा संघांची प्रवेश फी १६,०००. देणगीदारांकडून ९६,०००. खर्चात बक्षिसं ५०,०००, चषक १२,०००, मंडप-लाइट-माईक २६,०००, जेवण १४,०००, पंचांचं मानधन आणि सत्काराचं सामान मिळून ६,१५०. म्हणजे देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक शंभरातले पन्नासहून जास्त रुपये बक्षीस होऊन तालुक्याबाहेर गेले. अंतिम सामना खेळलेले दोन्ही संघ बाहेरचे, असं तूच कागदाच्या मागे लिहिलंयस. बक्षीस वाढवलं की आणखी मोठे संघ येतील, त्यांच्याबरोबर खर्च येईल, आणि पुढच्या वर्षी शिल्लक ३,८५० सुद्धा राहणार नाही. स्पर्धेच्या गल्ल्यातून दानधर्म होत नाही, हे मी स्वतः चटके घेऊन शिकलोय. स्पर्धा हे माणसं गोळा होण्याचं आणि मागायला तोंड उघडण्याचं निमित्त असतं. पैसा येतो तो निमित्ताभोवतीच्या माणसांकडून.

मुंबईची मॅरेथॉन बघ. २००४ पासून चाललीय, जानेवारीतला तिसरा रविवार. तिच्यातून दरवर्षी सामाजिक संस्थांना कोट्यवधी रुपये मिळतात, ते काही धावणाऱ्यांच्या प्रवेश फीतून निघत नाहीत. धावणारा आपल्या कचेरीतल्यांना, नात्यातल्यांना, सोसायटीतल्यांना सांगतो, 'मी अमक्या संस्थेसाठी धावतोय, तुम्ही काय देता?' तिथे सहा किलोमीटरची ड्रीम रन असते. तिच्यात घड्याळ लावून जीव तोडून धावणारे फार नसतात. साडी नेसलेल्या बायका, डोक्यावर फलक बांधलेले, वेश केलेले, असे लोक चालत-गप्पा मारत जातात. त्यातले बरेच जण मागे पाच-पन्नास ओळखीच्यांकडून पैसे घेऊन आलेले असतात. शर्यत कोण जिंकलं याच्याशी त्या पैशाचा काही संबंध नसतो.

आणि हे काही शहरी खूळ नव्हे. खाशाबा जाधवांची गोष्ट तुझ्या बाबांना माहीत असेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या त्या पैलवानासाठी गावाने, दुकानदारांनी हातभार लावला, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ते सगळ्यांना आठवतं. त्यापुढचं कमी लोक सांगतात. त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. मैदान कशासाठी आहे हे बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुझ्या स्पर्धेत नेमकं तेच नव्हतं. गेल्या वर्षीच्या पत्रिकेवर 'सामाजिक कार्यासाठी' एवढंच छापलं होतं. सामाजिक कार्य म्हणजे काय? त्याला कोण पैसे देणार?

म्हणून पहिलं काम. 'तीन लाख हवेत' हे वाक्य तुमच्या बैठकीतून हद्दपार कर. आठवड्याला तीन, वर्षाला १५६ फेऱ्या. गुणिले १,८०० म्हणजे २,८०,८००. पण हा आकडाही लोकांना सांगायचा नाही. लोकांना सांगायचं, 'एकशे छप्पन्न फेऱ्या आहेत, तुमची कुठली?' मोठी रक्कम ऐकली की माणूस मनातल्या मनात खिसा शिवून टाकतो. 'आषाढातला पहिला सोमवार माझ्याकडे' असं म्हणायला मात्र त्याला आवडतं. कुणी वडिलांच्या तिथीची फेरी घेईल, कुणी मुलाच्या वाढदिवसाची. ज्याला अख्खी झेपत नाही त्याला एका माणसाची जागा, ३०० रुपये. चतुर्थीला मोदकांचा नैवेद्य कुणाच्या घरचा हे ठरवायला आपल्याकडे किती चढाओढ असते, ती बघितलीस ना? तसंच.

आता ते वेगळं काहीतरी. मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते ती गोष्ट मैदानावर घडतच नाही.

तुमचं अर्धं गाव मुंबईत आहे. दिवा, नालासोपारा, भांडुप, लालबाग. गणपतीला आणि शिमग्याला येतात, स्पर्धेला येत नाहीत, व्हॉट्सअॅपवर अंगठे दाखवतात. देणगी मागितली की ५०१ ची पावती फाडून मोकळे होतात. त्यांच्यासाठी गणित कर. गाव ते चिपळूण ४५, परत ४५, एका फेरीचे ९० किलोमीटर. स्पर्धेआधीच्या महिन्यात प्रत्येक चाकरमान्याने मुंबईत ९० किलोमीटर चालायचं. रोजचे तीन झाले. स्टेशनवरून रिक्षा न करता घरी गेलं तरी काहींचे भरतात. आणि प्रत्येक किलोमीटरला २० रुपये, ते एकट्याने द्यायचे नाहीत, आपल्या ओळखीच्या चार-सहा जणांकडून मिळून आणायचे. नव्वद गुणिले वीस किती झाले? मी पेन्सिलने दोनदा करून बघितलं. १,८००. एकाचं चालणं म्हणजे एक फेरी, बरोब्बर.

यातली गंमत अशी की पैसे गावाबाहेरच्यांकडून येतात. कचेरीतला शेजारी, जिमवाला मित्र, सोसायटीचा सेक्रेटरी, ज्यांनी गुहागर तालुका नकाशावरही पाहिलेला नाही. पावतीपुस्तक घेऊन तू त्यांच्यापर्यंत कधी पोचली असतीस? मोबाइलमधल्या पावलांचा फोटो रोज ग्रुपवर टाकायचा. मग भाऊ-भाऊ, जावा-जावा यांच्यात जी चुरस लागेल ती तू बघच. वयस्कर असतील त्यांनी दोघांत मिळून एक फेरी करावी. साठ जण निघाले तर साठ फेऱ्या, १,०८,०००. मी साठ म्हणतोय ते भीत-भीतच म्हणतोय.

मैदानावरचं बघू.

कोकणात कबड्डीला माईकवरून बक्षीस पुकारायची रीत आहेच. उजव्या कोपऱ्याने घोटा धरून चढाईपटूला आडवा केला की समालोचक ओरडतो, 'या पकडीसाठी अमुक शेठ यांच्याकडून शंभर रुपये!' तो पैसा खेळाडूचा, त्याला हात लावायचा नाही. खेळाडूने आपणहून डब्यात टाकला तर गोष्ट वेगळी. तुम्ही याच रितीला एक शेपूट जोडा. आधीच एक वही करायची, मी तिला शब्दवही म्हणतो. प्रत्येक दुकानदार, वाडीप्रमुख, शिक्षक, ट्रॉलरवाला यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, शब्द घ्यायचा. 'माझ्या वाडीच्या संघाच्या प्रत्येक पकडीला ५० रुपये.' 'कुठल्याही संघाने लोण दिला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला, की १५०.' 'प्रत्येक अव्वल पकडीला २००.' अव्वल पकड तुला सांगायला नको, पण सदर वाचणाऱ्या इतरांसाठी: मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना त्यांनी चढाईपटू पकडला की एक गुण जादा मिळतो. हरत आलेल्या संघाची ती शेवटची धडपड असते, आणि नेमक्या त्या वेळी मंडपातले लोक उठून उभे राहतात. पैसे त्या क्षणाला बांध.

शब्दाबरोबर कमाल रक्कमही लिहून घ्यायची, हे विसरू नकोस. हार्डवेअरवाल्याने पकडीला ५० म्हटलं आणि त्याच्या वाडीचा संघ थेट अंतिम फेरीत गेला, तर तिसऱ्या सामन्यापासून बिचारा आपल्याच पोरांवर चिडायला लागेल. '३,६०० पर्यंत, म्हणजे दोन फेऱ्या' असं लिहिलं की तो निवांत ओरडतो. सामना संपला की गुणपत्रकाचा फोटो त्याच्या मोबाइलवर, खाली रकमेचा आकडा आणि क्यूआर कोड. वसुली तीन दिवसांत. अंगावरची माती धुऊन निघाली की माणसाचा उत्साहही धुऊन निघतो, हा माझा अनुभव.

एक लक्ष्मणरेषा. कोण जिंकणार, कोण हरणार यावर एकही शब्द घ्यायचा नाही आणि शब्द देणाऱ्याला परत काही मिळेल असं काहीही ठेवायचं नाही. त्याच्या पलीकडे गेलात की तो सट्टा.

आणि लकी ड्रॉ मुळीच नको. हे मी ठासून सांगतो, कारण आम्ही केलं होतं. एका वर्षी दुचाकीची सोडत ठेवली. ५० रुपयांचं तिकीट, २,००० तिकिटं छापली. गाडी 'कमी भावात देतो' म्हणणाऱ्याने आयत्या वेळी ५२,००० चं बिल हातात दिलं. तिकिटं खपली ७४०. म्हणजे ३७,००० जमा आणि १५,००० घरून. वर पोलीस ठाण्यातून बोलावणं, कारण पैसे घेऊन तिकीट विकायचं आणि सोडत काढायची ही सरळ लॉटरी झाली, आणि ती कुणीही उठून काढू शकत नाही. मी आणि आमचे अध्यक्ष तीन तास बाकावर बसून होतो. दुचाकी लागली ती नेमकी अध्यक्षांच्या मेव्हण्याला. पुढची दोन वर्षं आम्हाला गावात कुणी चहासुद्धा विचारला नाही.

तिकीट लावायचं म्हणतात तेही सोड. उघड्या मैदानाला कनात लावायची, फाटकावर चार पोरं उभी करायची, ओळखीच्याला फुकट सोडायचं, आणि शेवटी कनातीचंच भाडं वसूल होत नाही.

खर्चाकडे मात्र जरा थांबू, कारण तिथे तुझ्या मंडळाचे ज्येष्ठ भांडणार आहेत. कमरेएवढा चषक कशाला? जिंकणाऱ्या संघाच्या गाडीत तो मावत नाही, मग टपावर बांधून नेतात. रोख बक्षीस निम्म्यावर आण आणि संघांना निमंत्रणातच कारण सांग. खेळणारी पोरंही कुणाच्या तरी घरची आहेत, चिपळूणच्या जीपमध्ये कोण बसतं ते त्यांना कळतं. जे नुसत्या रकमेसाठी येतात ते येणार नाहीत. ठीक आहे. तालुक्यातलेच सोळा संघ घे, प्रेक्षक वाढतील, कारण लोक आपली पोरं बघायला येतात.

जेवणाचे १४,००० वाचवायला पैसा लागत नाही. सोळा संघ, बारा-बारा जण, १९२ पानं. एकेका वाडीने दोन-तीन संघ वाटून घ्यावेत. भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. यजमान वाडीचा त्या संघाशी जीव जडतो आणि मग शब्दवहीत त्या संघाच्या पानावर नावं वाढतात, हे आम्ही योजलं नव्हतं, आपोआप घडलं. मंडप आणि लाइटवाल्याला देणगी मागू नकोस, एक रात्र फुकट माग. रोख द्यायला हात आखडणारा माणूस आपल्या धंद्यातली वस्तू सहज देतो.

आणि सत्कार! माझी ही एकच मागणी मान्य कर. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, 'वेळेअभावी थोडक्यात' म्हणून अर्धा तास भाषण, तेवढा वेळ जनरेटर डिझेल पीत असतो आणि खेळाडू अंग गार करून बसलेले असतात. रात्री दहानंतर माईक बंद करायचा नियम आहेच. त्यात हिवाळ्यात मैदानावर दंव पडायला लागलं की पोरं घसरतात, गुडघे जातात. शनिवार-रविवार दुपारी चार ते रात्री दहा, असे बारा तास तुझ्याकडे आहेत. सोळा संघांचे बाद पद्धतीने पंधरा सामने, पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव धरून, आवराआवरीसह चाळीस मिनिटांचा एक, म्हणजे दहा तास. दोन तास उरतात. ते नेत्यांना देऊ नकोस.

त्यातला एक तास लहान मुलांना दे. देशावर जत्रेच्या फडात आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. तशी शनिवारी चार वाजता फक्कीच्या रेषा आखून झाल्या की आधी तिसरी-चौथीच्या मुला-मुलींची कबड्डी. बक्षीस रेवड्याच. एक पोर खेळायला उतरलं की आई, आजी, दोन काकवा, शेजारीण, सगळ्या चार वाजताच येऊन बसतात. एरवी बायका रात्री जेवणं उरकून येतात तोवर निम्मे सामने झालेले असतात. पोरांना मात्र डबा घेऊन दारोदार पाठवू नकोस, ते मला पटत नाही.

दुसरा तास रविवारी: माहेरवाशिणी विरुद्ध सुना. हसू नकोस. तुमच्या शाळेत खेळून तालुक्यापर्यंत गेलेल्या मुली आता कुठे ना कुठे सुना आहेत आणि दुसऱ्या गावच्या तशाच मुली तुमच्याकडे. एका गावात हा सामना मी पाहिलाय. पन्नाशीची एक बाई ओचा खोचून चढाईला आली, दम घुमवत तिने मधल्या दोघींना हुलकावणी दिली आणि बोनसचा गुण घेऊन परत गेली. बाहेर तिची सासू उभी राहून टाळ्या पिटत होती. त्या एका सामन्याला जेवढे शब्द आले तेवढे अंतिम सामन्याला आले नाहीत. पुरुषांमध्ये पन्नाशीपुढच्यांचा सामना ठेवायची हौस कुणाला आली तर रक्तदाब मोजून मग मैदानात सोड आणि डॉक्टर हजर ठेव.

कायद्याचं थोडक्यात उरकतो, पण टाळू नकोस. मंडळ सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं नसेल, तर गणपतीच्या वर्गणीला जशी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढतात, तशीच याला काढायची आणि मुदतीनंतर हिशेब द्यायचा. माझ्या मते त्याहून बरं हे, की तालुक्यातली एखादी नोंदणीकृत, चांगल्या नावाची संस्था शोधा. पैसे थेट तिच्या खात्यात जातील आणि ती महिन्याच्या महिन्याला जीपवाल्याचं बिल देईल. तिच्याकडे देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी नोंदणी (जिला आपण ८०जी म्हणतो) असेल तर मुंबईच्या पगारदारांना करसवलतीची पावती मिळते. पण २,००० च्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ती सवलत नाहीच, हे आधीच सांग, म्हणजे नंतर तोंडं वाकडी होत नाहीत. क्यूआर कोड कुणाच्याही खासगी खात्याचा नको, अध्यक्षांचा तर नकोच नको. दुबई-कतारला असलेली पोरं भारतीय पासपोर्टवर आहेत, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ती परदेशी देणगी होत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आत्तेभावाचे पैसे मात्र परदेशी धरले जातात, आणि ते घ्यायला संस्थेला केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. त्याला म्हणावं, तू तिकडे ९० किलोमीटर चाल आणि इथल्या मित्रांना द्यायला लाव.

निवडणुका जवळ असतील तर एखादा इच्छुक येईल आणि म्हणेल, सगळ्या १५६ फेऱ्या माझ्या, फक्त जीपवर फोटो. मोह होईल. सहा आजारी माणसं वर्षभर कुणाच्या फोटोखाली बसून जाणार, हे त्या सहा जणांना विचारून मगच हो म्हण.

विचारण्यावरून आठवलं. तुमच्या पत्रिकेचा मसुदा बघितला. त्यात 'रुग्णांचा मंचावर परिचय' असं आहे. ते काढ. हातावर फिस्तुला (डायलिसिसच्या सुयांसाठी तयार केलेली शीर) असलेल्या माणसाला फ्लडलाइटखाली उभं करून लोकांना हळहळायला लावायचं, हे मला बघवणार नाही. नावंही नकोत. गावात सगळ्यांना माहीत आहेच, आणि भांडुपच्या सोसायटीतल्या सेक्रेटरीला माहीत असायची गरज नाही. 'सहा जण, आठवड्याला तीन फेऱ्या' एवढं पुरतं.

लोकांना दाखवायचं ते वेगळं. एसटी थांब्याजवळच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीला विचारून, १५६ चौकोन रंगव. फेरी झाली की जीपवाल्याने त्या दिवशीचा चौकोन रंगवायचा आणि खाली फेरी कुणाची ते लिहायचं. कागदावरचा हिशेब सभेत वाचला जातो, आणि सभेला कोण असतं? भिंत सगळे वाचतात. पुढच्या वर्षी शब्द मागायला जाशील तेव्हा बरोबर काही न्यावं लागणार नाही.

आता तुझी जीभ उचलत नाही ते. संकोच योग्य आहे, तो गेला असता तर मला काळजी वाटली असती. पण त्यातून वाट काढायची पद्धत आहे. पहिल्याच बैठकीत उभी राहून सांग, 'यात माझे बाबा आहेत, म्हणून पैशाला माझा हात लागणार नाही.' खात्यावर सही तुझी नको, वसुली तुझी नको, कुठल्या घराला किती गरज हे ठरवणंही तुझ्याकडे नको. ते इतर तिघांकडे दे, त्यातली एक बाई असू दे. तुझ्याकडे मुंबईचं चालणं आणि मैदान. एवढं केल्यावर तू कुणाकडेही ताठ मानेने जाऊ शकतेस. तू बाबांसाठी मागत नाहीस असं नाटक मात्र करू नकोस. ज्याच्या घरचं कुणी त्या जीपमध्ये बसत नाही, त्याला शुक्रवारी दुपारी परत आलेला माणूस कसा दिसतो हे ठाऊक नसतं. तुला ठाऊक आहे. हार्डवेअरवाल्याला तेच सांग. माझी खात्री आहे, तो कमाल रकमेचा रकाना जरा वाढवून देईल.

बाबांबद्दल एक विचारतो, तुला पटलं तर बघ. त्यांची पाळी शुक्रवारी असते, शनिवारी दुपारपर्यंत थकवा उतरत असेल. पकड झाली की नाही हे उजव्या कोपऱ्याइतकं कुणाला कळत नाही, आणि शब्दवहीचा सगळा डोलारा गुणपत्रकावर उभा आहे. गुणलेखकाच्या टेबलाशी एक खुर्ची, पाठीला उशी, पाण्याचा तांब्या मोजून भरलेला, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढाच. लिहायचं काम दुसऱ्या कुणाला दे, बाबांनी नुसतं बघायचं. रुग्ण म्हणून नव्हे, जुना खेळाडू म्हणून बोलाव, आणि तेही एकांतात विचारून. नको म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारू नकोस.

हो म्हणाले तर मला कळव. मीही डावा कोपरा होतो.

— तुझा काका